पंटरला हॉल ऑफ फेमचं दार उघडायला 51 वर्षं का लागली?

प्रश्न पुण्याच्या एका वाचकाचा आहे. रविवारी रात्री जागून ते अमेरिकन फुटबॉल बघतात. त्यांनी विचारलंय: "रे गाय हा हॉल ऑफ फेममधला एकमेव निव्वळ पंटर, असं वाचलं. सामन्यात चार-पाच वेळा मैदानात येऊन चेंडूला लाथ मारणारा माणूस महान कसा ठरतो? आणि ठरत असेल, तर बाकीचे पंटर आत का नाहीत?"

माझी नोकरी वेगळीच आहे, पण सीझन सुरू झाला की संध्याकाळी मी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांना पंटिंग शिकवतो. तेव्हा मी तटस्थ आहे असं समजू नका. या जमातीबद्दल मला माया आहे आणि ती उत्तरात डोकावणारच.

आधी थोडक्यात सांगतो. पंट म्हणजे चढाई अडली की चेंडू हातातून सोडून लाथेने लांब प्रतिस्पर्ध्याकडे धाडणं; ते करणारा तो पंटर. आणि हॉल ऑफ फेम म्हणजे या खेळातल्या थोरांचं मानाचं दालन. पंटर संघाला जे कमावून देतो, ते त्याच्या नावापुढच्या आकड्यात कधी नीट उतरलंच नाही. आकड्यांवर मतं देणाऱ्यांना पंटर दिसला नाही, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांना तो कागदावर सिद्ध करता येईना. आपल्या एकनाथ सोलकरचं तसंच होतं. नुसती बॅटिंगची आणि बोलिंगची सरासरी बघणाऱ्याला सोलकर कळणारच नाही. 27 कसोटींत 53 झेल, तेही बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटच्या नाकासमोर उभं राहून, हे ज्यांनी पाहिलं त्यांनाच त्याची किंमत ठाऊक. पंटरकडे तर झेलांसारखा सरळ मोजता येणारा आकडाही नाही.

किती यार्ड मारला, हा आकडा सगळे मोजतात आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. समजा, संघ मैदानाच्या बरोबर मध्यावर, 50 यार्डांच्या रेषेवर अडकलाय. चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे न्यायची शेवटची संधी आहे, पंट करायचाय. एकाने ताकद लावून 50 यार्ड मारला, चेंडू थेट एन्ड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यात गेला, याला टचबॅक म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला चेंडू त्यांच्या 20 यार्डांवर मिळतो. म्हणजे कागदावर 50 आणि पदरात 30. दुसऱ्याने 42 यार्ड मारला आणि चेंडू 8 यार्डांच्या रेषेपाशी कोपऱ्यातून बाहेर घालवला. कागदावर 42, पदरातही 42. आता सांगा, यातला चांगला पंटर कोण? वर्षानुवर्षं उत्तर 'पहिला' असंच येत राहिलं, कारण सरासरी त्याची मोठी. हा पदरात पडणारा आकडा, ज्याला नेट म्हणतात, तो एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली 1976 मध्ये. पंट प्रतिस्पर्ध्याच्या 20 यार्डांच्या आत अडकला की नाही, याचीही नोंद तेव्हापासूनचीच. आणि हँग टाइम, म्हणजे चेंडू पायावरून सुटल्यापासून खाली येईपर्यंत हवेत राहिलेला वेळ, तो तर अधिकृत नोंदीत कधी आलाच नाही.

माझ्या मते खरा जीव हँग टाइममध्ये आहे. मैदानावर मी मुलांच्या पायाकडे बघायच्या आधी स्टॉपवॉच दाबतो. एनएफएलच्या दर्जाचा सगळा हिशेब असा: लाँग स्नॅपरने रेषेवरून 15 यार्ड मागे फेकलेला चेंडू (हाच स्नॅप) पंटरच्या हातात यायला पाऊण सेकंद. हातातून पायावर येऊन सुटायला सव्वा सेकंद. दोन सेकंदांच्या वर गेलात, तर समोरचा धावत येऊन चेंडू अडवणार. पुढे हवेतला वेळ. चार सेकंद हा कामचलाऊ, साडेचार चांगला, पाचच्या घरात गेला की रिटर्नर, म्हणजे पंट पकडून परत पळणारा समोरचा गडी, हात वर करून फेअर कॅच मागतो, म्हणजे न पळता नुसता पकडतो. पाच सेकंद हवेत राहायचं, तर हवेचा विरोध बाजूला ठेवला तरी चेंडू साधारण 30 मीटर वर जावा लागतो. म्हणजे नऊ-दहा मजली इमारत. बरं, तो तेवढा वर जाताना 45 यार्ड पुढेही जायला हवा. पालक येतात आणि विचारतात, "किती लांब गेला?" किती उंच गेला, हे क्वचितच कोणी विचारतं.

आता रे गाय. आडनावावरून विनोद करून झाले असतील तर पुढे जाऊ.

हा जॉर्जिया राज्यातला मुलगा, जन्म 1949 चा. सदर्न मिसिसिपी विद्यापीठात खेळला, आणि नुसता पंटर म्हणून नाही. बचावफळीत खेळून एका हंगामात त्याने 8 इंटरसेप्शन घेतली (म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास हवेतच हिसकावले), बर्फ पडत असताना 61 यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला गोल) मारला, बेसबॉलमध्ये पिचर होता आणि त्या खेळातल्या व्यावसायिक संघांनीही त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, उचललं होतं. 1973 च्या ड्राफ्टमध्ये ओकलंड रेडर्सनी त्याला पहिल्याच फेरीत, 23 व्या क्रमांकावर घेतलं. मालक अल डेव्हिस, प्रशिक्षक जॉन मॅडन. पहिल्या फेरीची निवड पंटरवर घालवली म्हणून तेव्हा भल्याभल्यांनी डोक्याला हात लावला असेल. त्याच्या आधी निव्वळ पंटर पहिल्या फेरीत कुणी घेतला नव्हता, नंतरही घेतलेला नाही. जाता जाता सांगतो, 2012 मध्ये जॅक्सनव्हिलने तिसऱ्या फेरीत, 70 व्या क्रमांकावर ब्रायन अँगर नावाचा पंटर घेतला, आणि पाच निवडींनंतर सिअॅटलने पुढे मोठा स्टार झालेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सन उचलला. अँगर चांगला पंटर आहे हो, पण त्या निवडीची थट्टा अजून थांबलेली नाही.

गायचं नशीब म्हणा किंवा डेव्हिसची नजर म्हणा, तो आला आणि पुढच्याच वर्षी नियम बदलला. 1974 पर्यंत पंट करणाऱ्या संघातले खेळाडू स्नॅप होताच रिटर्नरकडे पळत सुटायचे. 1974 च्या नियमाने त्यांना बांधून ठेवलं. दोन टोकांचे दोघे सोडून बाकीच्यांनी चेंडू पायावरून सुटेपर्यंत रेषेच्या पुढे जायचं नाही. वाचायला हा किरकोळ बदल वाटतो. पण याचा अर्थ असा की मधल्या खेळाडूंना रिटर्नरपर्यंत पोचायला आता फक्त हँग टाइमएवढाच वेळ उरला. पॅड घातलेला गडी सेकंदाला सात-आठ यार्ड कापतो असं धरा. चार सेकंदांच्या पंटपेक्षा पावणेपाच सेकंदांच्या पंटमध्ये तो पाच-सहा यार्ड जास्त पुढे असतो, आणि रिटर्नरने चेंडू पकडताक्षणी तो अंगावर आलेला असणं आणि पाच-सहा यार्ड मागे असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच वर्षी फील्ड गोलचे खांब एन्ड झोनच्या मागच्या कडेला नेले आणि हुकलेल्या लांबच्या फील्ड गोलची शिक्षाही वाढवली. त्यामुळे पूर्वी जिथून लोक लांबचा फील्ड गोल मारून बघायचे, तिथून आता पंट करणं शहाणपणाचं ठरू लागलं. ज्या माणसाची खासियत उंची, त्याच्यासाठी खेळच वळला.

गायची सरासरी 42.4 यार्ड. आजच्या मुलाला हा आकडा सांगितला तर तो नाक मुरडेल. पण गाय खेळत होता तेव्हा लीगची सरासरी चाळिशीच्या आसपास होती आणि तीन हंगामांत तो लीगमध्ये पहिला होता. 14 हंगाम, सलग 207 सामने, 1,049 पंट, आणि त्यातले अडवले गेले फक्त 3. यातला शेवटचा आकडा मला सगळ्यात मोठा वाटतो. चेंडू उंच मारायचा म्हणजे पाय लांबवर, डोक्याच्याही वर न्यायचा. त्याला वेळ लागतो, आणि वेळ लागला की ब्लॉक होतो. गायचा पाय डोक्याच्या वर जायचा आणि तरी चेंडू वेळेत सुटायचा.

हे कसं जमतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. उजव्या पायाचा पंटर चेंडू उजव्या हातात धरतो, शिवण वर. हात समोर सरळ. चेंडूचं नाक किंचित आत आणि किंचित खाली. मग तो चेंडू फेकत नाही, उडवतही नाही. हात त्याच्याखालून काढून घेतो. चेंडू ज्या तोलात हातात होता त्याच तोलात पायावर आला पाहिजे. पावलाच्या वरच्या बाजूला जे कडक हाड आहे, तिथे चेंडूचं पोट बसलं पाहिजे, तेही बोटं ताणून खाली केलेली असताना. नाक जरा वर राहिलं की चेंडू वाऱ्यात अडकून मरतो, जास्त खाली झालं की सरळ रेषेत चालता होतो आणि रिटर्नरच्या हातात आयता जाऊन पडतो. नव्या मुलाला महिनोन्महिने मी फक्त हेच करायला लावतो, लाथ न मारता. मुलं कंटाळतात. वर्षाअखेर जी टिकतात त्यांचं कारण हेच असतं आणि जी सोडून जातात त्यांचंही.

गायच्या दंतकथा तुम्ही ऐकल्याच असतील. 1976 च्या प्रो बोलमध्ये (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात) न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये छताला टांगलेल्या पडद्यावर त्याचा पंट जाऊन आपटला. पुढच्या वर्षी ह्यूस्टन ऑइलर्सनी त्याच्या पायाखालचा एक चेंडू तपासायला पाठवला, आत हेलियम भरलाय की काय म्हणून. किस्से म्हणून हे छान आहेत. पण मला विचाराल तर त्याच्या तीनपैकी दोन सुपर बोलमधले (लीगच्या अंतिम सामन्यांतले) दोन क्षण बघा.

पहिला जानेवारी 1977 चा, मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध. फ्रेड मॅकनीलने गायचा पंट अडवला. कारकिर्दीत पहिल्यांदाच, आणि तोही सुपर बोलमध्ये! वायकिंग्जना चेंडू थेट रेडर्सच्या 3 यार्डांवर मिळाला. लगेचच वायकिंग्जच्या हातून चेंडू निसटला म्हणून रेडर्स वाचले आणि पुढे 32-14 असे जिंकले. नाही तर त्या सामन्याची गोष्ट वेगळी लिहिली गेली असती. पंटरची एक चूक म्हणजे काय, ते इथे दिसतं.

दुसरा जानेवारी 1984 चा, टँपामध्ये, वॉशिंग्टनविरुद्ध. स्नॅप डोक्यावरून चाललेला. गायने उडी मारून एका हाताने तो खेचला, खाली आला आणि काही घडलंच नाही अशा थाटात पंट मारून मोकळा झाला. त्याच सामन्यातला पहिला टचडाउन कसा झाला होता माहितेय? वॉशिंग्टनचा पंट रेडर्सच्या डेरिक जेन्सनने अडवला आणि स्वतःच एन्ड झोनमध्ये त्यावर झेप घेतली. म्हणजे एका बाजूचा पंट अडवला जाऊन 7 गुण गेले, दुसऱ्या बाजूचा तसाच जाण्याच्या बेतात होता तो एका हाताने वाचला. रेडर्स 38-9 असे जिंकले. आता गायच्या त्या झेपेची नोंद आकड्यांमध्ये काय? एक पंट, अमुक यार्ड. संपलं.

हा माणूस 1986 च्या हंगामानंतर थांबला. पाच वर्षांची अट पूर्ण होऊन 1992 मध्ये पात्र झाला. निवड झाली 2014 मध्ये. मधली 22 वर्षं तो अंतिम यादीपर्यंत पुन्हा पुन्हा जायचा आणि परत यायचा. या काळात त्याला 1994 मध्ये एनएफएलच्या 75 वर्षांच्या सर्वकालीन संघात जागा मिळाली, 2000 पासून कॉलेजच्या सर्वोत्तम पंटरला त्याच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, 2004 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमनेही त्याला घेतलं. फक्त ओहायोतल्या कँटनचं, म्हणजे जिथे एनएफएलचा हॉल ऑफ फेम आहे तिथलं, दार बंद. 2011 मध्ये पैशांच्या ओढाताणीत त्याच्या तीनही सुपर बोल अंगठ्यांचा लिलाव झाला.

मतदारांचीही बाजू सांगायला हवी, कारण ती पोकळ नाही. निवडमंडळ मुख्यतः पत्रकारांचं, आणि आत जायला 80 टक्के मतं लागतात. तेव्हाच्या पद्धतीत अलीकडच्या काळातले 15 जण अंतिम चर्चेला यायचे आणि जास्तीत जास्त 5 आत जायचे. खोलीत बसलेल्या माणसापुढे सवाल पंटर थोर की नाही हा नसतोच. पंटर आत घ्यायचा म्हणजे कुठला लाइनमन किंवा रिसीव्हर बाहेर ठेवायचा, हा असतो. प्रत्येक सामन्यात 60-70 वेळा धडक देणाऱ्या माणसाला थांबवून पाच वेळा मैदानात येणाऱ्याला पुढे करायचं, हे पाचातल्या चौघांना पटलं पाहिजे. शिवाय गायविरुद्ध खेळाच्या अंगानेही आक्षेप होता. टचबॅकचं त्याचं प्रमाण आजच्या नजरेने जास्त आहे. तो उंच आणि लांब मारायचा, कोपरा साधण्यात त्याच्यापेक्षा सरस लोक झाले. नेटच्या हिशेबाने तो दिसतो तेवढा इतरांच्या पुढे नव्हता. हे सगळं खरं आहे. तरी मी त्याला पहिल्याच वर्षी मत दिलं असतं, कारण त्याच्यामुळे संघांनी पंटर निवडायची पद्धत बदलली. त्याच्याआधी 'चेंडू लांब मार' एवढंच काम होतं. त्याच्यानंतर प्रत्येक प्रशिक्षकाच्या हातात स्टॉपवॉच आलं.

शेवटी तो आत गेला तो जुन्या, राहून गेलेल्या खेळाडूंसाठीच्या वेगळ्या यादीतून. त्या वर्षी त्या यादीत दोन नावं होती, गाय आणि क्लॉड हंफ्री. 5 जागांच्या मारामारीतून बाहेर काढल्यावर मतं मिळाली, यातच सगळं आलं. 1963 मध्ये उघडलेल्या हॉलला पहिला निव्वळ पंटर मिळाला 2014 मध्ये. फील्ड गोल मारणाऱ्या किकरांपैकी यान स्टेनेरुड 1991 मध्येच आत गेला होता. किकरच्या नावापुढे गुण लागतात ना! आता हॉलचा संघ पूर्ण झाला, असं गाय तेव्हा म्हणाला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. आठ वर्षं का होईना, त्याला तो मान जिवंतपणी भोगता आला.

आता 'निव्वळ' या अटीबद्दल, कारण हॉलमध्ये त्याच्याआधीही पंट मारणारे होतेच. सॅमी बॉ पहिल्याच तुकडीतला, 1963 चा. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक. 1940 मध्ये त्याची पंटची सरासरी 51.4 यार्ड होती. हा हंगामाचा विक्रम 2022 पर्यंत टिकला. टेनेसी टायटन्सच्या रायन स्टोनहाउसने 53.1 ने तो मोडला. पण बॉचे बरेच पंट क्विक किक होते, म्हणजे समोरच्याला पास येईल असं वाटत असताना अचानक मारलेले. मागे पकडायला कुणी नाही, चेंडू घरंगळत जातोय. त्या 51.4 ची आजच्याशी तुलना करू नये. डेट्रॉइटचा येल लॅरी उत्तम पंटर होता, पण 1979 मध्ये तो आत गेला तो मुख्यतः सेफ्टी, म्हणजे बचावफळीतला खेळाडू म्हणून.

आणि होरेस गिलम. हे नाव इथेही फारसं कुणाला माहीत नसतं. क्लीव्हलँड ब्राउन्सचा हा कृष्णवर्णीय खेळाडू 1947 ते 1956 खेळला. तेव्हा पंटर स्नॅपरच्या 10 यार्ड मागे उभा राहायचा. गिलम 15 यार्डांवर जाऊन उभा राहू लागला, कारण त्याचा पाय लांबून फिरायचा आणि त्याला जागा हवी होती. पुढे सगळेच तिथे उभे राहू लागले. आज माझ्या मैदानावर मी मुलांना 15 यार्डांवर चुन्याची खूण करून देतो, ती गिलमची जागा. तो वाढला मॅसिलनमध्ये, शिकला तिथल्याच शाळेत, प्रशिक्षक पॉल ब्राउनच्या हाताखाली. मॅसिलन म्हणजे कँटनचं शेजारचं गाव. हॉल ऑफ फेमपासून गाडीने थोड्याच वेळाच्या अंतरावर, आणि हॉलमध्ये त्याला जागा नाही. वारसा या शब्दाला काही अर्थ असेल तर गिलमचा विचार व्हायला हवा. होईल असं मला वाटत नाही. त्याला खेळताना पाहिलेले लोकच आता उरलेले नाहीत.

गायनंतरचे पंटर म्हणाल, तर जेफ फीगल्स आणि शेन लेक्लर या दोन नावांवर थांबतो. बाकी रेजी रोबी मनगटावर घड्याळ लावून पंट मारायचा, शॉन लँडेटा दोन दशकांच्या सर्वोत्तम संघांत होता. ही माणसं रंजक आहेत, पण हॉलच्या दाराशी त्यांना मी उभं करणार नाही.

पहिला जेफ फीगल्स. 22 हंगाम, सलग 352 सामने, एकही चुकवला नाही. 1,713 पंट, 71,211 यार्ड. प्रतिस्पर्ध्याच्या 20 यार्डांच्या आत अडकवलेले पंट 554. पायात गायचा जोर नव्हता, पण मैदानाचा कोपरा त्याच्याइतका कुणी साधला नाही. प्रो बोल मात्र दोनच. फीगल्स काय होता हे आकड्यांतून समजावणं अवघड आहे. तो नसताना काय झालं ते सांगतो.

2010 चा हंगाम सुरू होण्याआधी तो न्यूयॉर्क जायंट्समधून निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मॅट डॉज हा नवखा मुलगा आला. 19 डिसेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध जायंट्स शेवटच्या काही मिनिटांपर्यंत 31-10 असे पुढे होते. तिथून 31-31 झालं. 14 सेकंद उरलेले, जायंट्सचा पंट. समोर डेशॉन जॅक्सन, लीगमधल्या सगळ्यात धोकादायक रिटर्नरांपैकी एक. प्रशिक्षक टॉम कॉफलिनची सूचना साधी होती: चेंडू रेषेबाहेर घालव. स्नॅप उंच आला, डॉजने कसाबसा पकडला आणि सपाट पंट सरळ मैदानाच्या मधोमध गेला. जॅक्सनच्या हातून तो आधी निसटला. निसटला म्हणून वरून अंगावर येणाऱ्या खेळाडूंची लय बिघडली. त्याने तो उचलला आणि 65 यार्ड पळत जाऊन वेळ संपता संपता टचडाउन केला. 38-31. सामना संपल्यावर कॉफलिन मैदानात जाऊन त्या पोरावर ओरडताना सगळ्या देशाने पाहिला. मला त्या पोराचीच दया आली होती. जायंट्सनी हंगाम 10-6 असा संपवला आणि बाद फेरी हुकली. तितकेच विजय असलेले ग्रीन बे पॅकर्स आत गेले आणि सुपर बोल जिंकले. 42 यार्डांचा कंटाळवाणा पंट रेषेबाहेर घालवणं हे फीगल्सचं रोजचं काम होतं. सलग 352 सामने त्याने ते केलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरा शेन लेक्लर. 2000 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत रेडर्सनीच घेतला, गायच्याच संघाने. 18 हंगाम, आधी ओकलंड मग ह्यूस्टन. सरासरी 47.6. 2009 मध्ये तर हंगामाची सरासरी 51.1. 7 प्रो बोल, 6 वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात, आणि 2000 च्या व 2010 च्या अशा दोन्ही दशकांच्या संघांत जागा. 2019 मध्ये एनएफएलच्या 100 वर्षांच्या संघात दोन पंटर निवडले, गाय आणि लेक्लर. म्हणजे शंभर वर्षांतले दोन उत्तम पंटर कोण, हे लीगने स्वतःच सांगून टाकलं. तरी कँटनला ते पटवायचं बाकी आहे.

लेक्लरची अडचण गायच्या उलट आहे. गायबाबत लोक म्हणायचे, आकडे कुठेत? लेक्लरबाबत म्हणतील, आकडे तर सगळ्यांचेच मोठे झालेत. आणि ते झालेतच. आज लीगची सरासरी 47 च्या आसपास आहे. मुलं लहानपणापासून फक्त पंटिंग शिकतात, लाँग स्नॅपर हा वेगळा व्यावसायिक झाला, बंदिस्त स्टेडियम वाढली. त्यात ऑस्ट्रेलियन आले. डॅरेन बेनेट हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा खेळाडू 1995 मध्ये सॅन दिएगोकडून खेळायला लागला आणि त्याने त्यांच्याकडचा ड्रॉप पंट इथे आणला. चेंडू मळसूत्री न फिरता उलट्या कोलांट्या घेत जातो, गोल रेषेजवळ पडला की पुढे पळण्याऐवजी तिथेच थबकतो किंवा मागे येतो. टचबॅकवरचा हा जालीम उपाय. पुढे मेलबर्नमध्ये नेथन चॅपमनने प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही प्रशिक्षण संस्थाच काढली, आणि तिथून मुलं थेट अमेरिकन विद्यापीठांत येऊ लागली. कॉलेजचा रे गाय पुरस्कार 2013 ते 2017 सलग पाच वर्षं ऑस्ट्रेलियन मुलांनीच नेला. टॉम हॅकेटने तर दोनदा. जॉर्जियाच्या माणसाच्या नावाचा पुरस्कार मेलबर्नला! गायला हे आवडलं असणार असं मी धरून चालतो. निवृत्तीनंतर तो स्वतः मुलांची किकिंग शिबिरं घ्यायचा.

जॉनी हेकरचाही विचार पुढे होईल. 2013 मध्ये त्याने 44.2 यार्डांचं नेट काढलं, तोवर असं कुणी केलं नव्हतं. शाळेत क्वार्टरबॅक होता, त्यामुळे पंटच्या सोंगाखाली पास फेकायचा आणि समोरच्यांना कायम धाकात ठेवायचा. पण सध्या माझं मत लेक्लरलाच, मग फीगल्स. यापुढे मी यादी लांबवणार नाही. प्रत्येक दशकाचा एक पंटर आत असावा अशी मागणी काही मंडळी करतात, ती मला मान्य नाही. पंटर पंटर म्हणून थोर असावा, कोट्यातून नको.

एका गोष्टीने मात्र माझी मान हलते. डेविन हेस्टर 2024 मध्ये हॉलमध्ये गेला. पंट आणि किकऑफ परतवण्यासाठी गेलेला पहिला माणूस, पंटवर 14 टचडाउन. जायलाच हवा होता, वाद नाही. पात्र झाल्यावर तिसऱ्याच वर्षी आत. पंट पकडणाऱ्याची किंमत मतदारांना तीन वर्षांत कळली, कारण त्याच्या धावण्याला गुण लागतात. त्याच्यासारख्याला पळूच न देणाऱ्याच्या नावापुढे 'रिटर्न शून्य' एवढंच येतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला, पंटर महान आहे हे प्रेक्षकाने ओळखायचं कसं. पुढच्या रविवारी एक करा. पंट झाला की चेंडूकडे बघू नका. कॅमेरा तसाही त्याच्या मागे जातो आणि तुम्हाला फक्त आकाश दिसतं. रिटर्नरकडे बघा. तो पुढे धावत येऊन पकडतोय, मागे सरकत पकडतोय, की बाजूला पळत? मागे सरकत किंवा बाजूला पळत पकडत असेल तर पंटरने त्याला हलवलंय. मग तो पकडताना त्याच्या पाच यार्डांत आपले किती गडी पोचलेत ते मोजा. तीन असतील तर पंट उत्तम. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पायापासून हातापर्यंतचा वेळ घ्या. साडेचारच्या वर सातत्याने जाणारा पंटर दिसला तर त्याचं नाव लिहून ठेवा. आणि पडद्यावर शेवटी यार्डांचा जो आकडा येईल, त्यातून रिटर्न वजा करायला विसरू नका.